काकवी प्यालेला बॅगपाइप

मी बॅगपाइप शिकायला घेतला, यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कुणीही पटवून दिलेलं नाही. आमच्या गल्लीत माणसं लाठी शिकतात, कुस्ती शिकतात. शेजारचे दत्तोपंत तर वयाच्या साठाव्या वर्षी होमिओपथी शिकले, आणि तीही आमच्यावरच शिकले. त्यांना कुणी काही बोललं नाही. मी एक वाद्य हातात घेतलं, तर पंचनामा, निलंबन आणि कोर्ट! हसू नका. हसायचंच असेल तर आधी सगळं ऐका आणि मग खुशाल हसा, मी भीत नाही.

त्याचं असं झालं. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन दोन वर्षं झाली होती. फौज मोडली, तरी फौजेचं किडूकमिडूक सामान कोठारात पडून होतं. ते लिलावात काढायचं ठरलं आणि याद्या करायचं काम कचेरीनं माझ्या गळ्यात घातलं. तीन आठवडे मी धूळ खात याद्या लिहिल्या. ‘बिगुल पितळी, चेपलेले, सात.’ ‘ढोल, फाटके, दोन.’ अगदी शेवटच्या पेटीत एक वाळकी चामड्याची पिशवी आणि काळ्या लाकडाच्या नळ्या निघाल्या. हेडक्लार्क हंबीरराव दर पाच मिनिटांनी ‘झालं का, झालं का’ करत होते. मी लिहून टाकलं, ‘चामडी पिशवी एक, नळ्या पाच, उपयोग अज्ञात.’ खाली सही केली. माझं अक्षर सुवाच्य आहे. सरकारी नोकरानं सुवाच्य अक्षर काढू नये, एवढा एक धडा मी पुढच्या पिढीला देऊ इच्छितो.

लिलावात बिगुल गेले, ढोल गेले, फाटक्या राहुट्यासुद्धा गेल्या. पिशवीला कुणी हात लावीना. तेव्हा हंबीरराव सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, “इंगळीकर, तुमीच घ्या की ही. तुमच्या घरात अर्धवट सोडलेल्या वस्तूंचं संग्रहालय हायच. पेटी झाली, कानडी झाली, पवणं झालं. आता ही टांगा.”

कचेरी हसली. शिपायासकट हसली. आता वस्तुस्थिती काय ती सांगतो. पेटी मी सोडली, कारण तिचा भाता उंदरांनी खाल्ला. कानडी सोडली, कारण शिकवणारे मास्तर धारवाडला गेले. रंकाळ्यात पोहणं सोडलं ते वैद्यकीय सल्ल्यावरून. सल्ला दत्तोपंतांचा होता हे खरं, पण सल्ला तो सल्लाच. यात माझा दोष कुठं आहे? पण हसणाऱ्या माणसांना कारणं सांगता येत नाहीत. मी उठलो आणि म्हणालो, “घेतली! आणि हंबीरराव, हे जे काही आहे ते मी पुरं शिकून दाखवीन. अर्धं नाही, पुरं!”

ते काय आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला.

पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी फाटकाबाहेर पडलो, तर खाकी कोट घातलेला एक उंच म्हातारा आडवा आला. त्यानं पिशवीवरून हात फिरवला, सर्वांत लांब नळीवरची एक खोक अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, “बॅगपाइप हाय सायेब ही. बावीस वर्सं माज्या काखंत हुती.”

हे शमशुद्दीन. संस्थानच्या फौजेतले वाजवणारे, राहायला सदर बाजारात. लिलावाचे तिन्ही दिवस ते फाटकाशी उभे होते म्हणे, आपला बॅगपाइप कुणाच्या घरात जातो ते बघायला. मी विचारलं, “मग तुम्ही का नाही घेतलीत?”

“घिऊन करू काय? दमा लागलाय. फुंकायला छातीच ऱ्हायली न्हाय.” मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घोडा विकत घेताना बघतात तसं. “तुमची छाती बरी हाय. शिकताय काय?”

“शिकणार आहे. पुरं शिकणार आहे.”

“मग ऐका. सलामीची एक चाल हाय. माज्या उस्तादानं मला दिली. तिघं वाजवणारं हुतो आमी. एक मातीत गेला, एक मुंबईच्या गिरणीत गेला. आता ती चाल फकस्त हितं हाय.” त्यांनी कपाळाला बोट लावलं. “दोन भाग हाईत तिचं. पयला सोपा, दुसरा अवघड. पयला शिकून सोडणार असशीला, तर आत्ताच ही परत पेटीत ठिवा. मला अर्धी चाल द्यायची न्हाय.”

एकाच दुपारी दोन माणसांनी मला अर्धवटपणाबद्दल बोलावं, याला काय म्हणायचं? मी तिथंच रस्त्यावर, सायकल हातात धरून, त्यांना शब्द दिला.

घरी आमची विधवा थोरली बहीण, अक्का, दारातच बसली होती. तिनं कॅरिअरकडे बोट दाखवून विचारलं, “नरसू, हे कशाचं कातडं?”

“वाद्य आहे, अक्का.”

“वाद्याचं मी विचारलं नाही. कातड्याचं विचारलं.”

“तबल्यालाही कातडंच असतं.”

“तबला कुणी तोंडात धरत नाही,” अक्का म्हणाली, आणि विषय संपला. बॅगपाइपला घरात प्रवेश मिळाला नाही. परसात न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर एक खुंटी होती, तिच्यावर त्याची रवानगी झाली. आमची बायको लीला एवढंच म्हणाली, “पेटीला तरी कापड घालून वर फुलदाणी ठेवता आली. ह्याच्यावर काय ठेवू?”

पहिले तीन महिने शमशुद्दीन उस्तादांनी मला पिशवीला हातच लावू दिला नाही. एक वेगळी धाकटी नळी दिली, नुसती तोंडानं फुंकायची, बोटं बसवण्यासाठी. रोज सकाळी सहाला मी सदर बाजारात. बोट उचलायला जरा उशीर झाला की ते छडी माझ्या नव्हे, स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायचे. मला फार ओशाळं व्हायचं. पण तीन महिन्यांत पहिला भाग बसला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं कोर्टानं जे लिहिलं त्याच्याशी याचा संबंध आहे.

मग पिशवीची पाळी आली. ती वाळून ठिकठिकाणी उकलली होती, शिवण गेली होती. चामड्याचं काम म्हणजे जोतीराम. याच्या हातच्या चपला नेसरीपासून निपाणीपर्यंत जातात. मी त्याला म्हणालो, “जोतीराम, पिशवी अशी कर की वारा बाहेर जाता कामा नये, आणि आवाज खणखणीत यायला पाहिजे.”

“आवाज पायजे न्हवं? काळजीच सोडा,” जोतीराम म्हणाला. “असा आवाज घालतो की पार कागलपातूर ऐकू येईल.”

आठवड्यानं पिशवी आणली. शिवण पाहून मन भरलं. काखेत घेतली, दाबली, आणि ती बोलली, ‘कर्रऽऽ कर्रऽऽ!’ सोडली, पुन्हा ‘कर्रऽऽ!’ जोतीरामनं तिच्या दुहेरी शिवणीत, करकरणाऱ्या चपलांच्या तळात भरतात तशा मूठभर बिया भरल्या होत्या! मी संतापून त्याच्याकडे गेलो, तर तोच दुखावला. म्हणाला, “तुमीच आवाज मागिटला. ह्येच्यापेक्षा बेस आवाज अख्ख्या कोल्हापुरात कुनी काडून दावावा!” शिवण उसवली, बिया काढल्या, पुन्हा शिवली. आठ दिवस आणखी गेले. जोतीराम अजूनही माझ्याशी तुटकच बोलतो.

आता कातडं मुरवायचं होतं. पिशवीच्या आत काहीतरी चिकट पाजलं म्हणजे बारीक छिद्रं बुजतात आणि कातडं मऊ राहतं. उस्ताद म्हणाले, “गोरं लोक मध वापरत. आमी काकवी वापरायचो. वाटीभर घ्या, कोमट करा, आत वता, चांगली मळा आन् उलटी करून समदी काडून टाका. समदी, बरं का!”

वाटीभर. आता हे कुणाला सांगावं? कोल्हापुरात वाटीभर काकवी मागितली तर लोक आपल्यालाच आजारी समजतात. लीलाच्या भावाचं गुऱ्हाळ कसबा बावड्याला. त्याला निरोप धाडला, तर त्यानं गाडीत घालून घागरभर पाठवली. वर निरोप, ‘कमी पडली तर सांगा.’ मी एक वाटी ओतली. पिशवीच्या एका कोपऱ्यातच राहिली. म्हटलं, वाटीनं काय होतंय? बावीस वर्षं नोकरी केलेली पिशवी आहे, तिची तहान मोठी असणार. चार तांबे ओतली. घट्ट होती, फिरेना, म्हणून दोन तांबे कोमट पाणी घातलं. मळली. उलटी करून काढायला गेलो, तर पहिल्याच धारेला मुंग्यांची अशी रांग लागली की अक्का ओरडली, “उचल ते आधी!” मग मी सगळ्या भोकांना बुचं मारली, पिशवी पोत्यात गुंडाळली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलाण्याशेजारी टांगली. सगळी काढायची ते राहूनच गेलं. माणूस आहे, विसरतो.

आठ दिवसांनी पोतं सोडलं, तर पिशवी जोंधळ्याच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली. मला आनंदच झाला. म्हटलं, पाहा, अशी हवा धरते! वास येत होता खरा, पण कातड्याला वास असायचाच. संध्याकाळची वेळ होती. उस्तादांनी परवानगी दिली नव्हती, तरी मी नळ्या बसवल्या, पिशवी काखेत घेतली आणि फुंकलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. फुंकायच्या नळीच्या टोकाला कातड्याचा एक लहानसा पडदा असतो. आतली हवा उलट तोंडात येऊ नये म्हणून. आमचा पडदा संस्थानाबरोबरच विलीन झाला होता. त्यामुळे मी एक श्वास आत दिला की पिशवी मला दोन परत करी, आणि ते आंबलेले. तरी मी हटलो नाही. चौथ्या फुंकीला आवाज फुटला. तो आवाज कसा होता, याबद्दल गल्लीत दोन पक्ष आहेत. मी तिसऱ्या पक्षात आहे. मला तो आवडला.

त्याच वेळी घराजवळच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर पिराजी गवळ्याची म्हैस धारेला उभी होती. आमच्याकडं दूध रतीबानं घरी येत नाही. म्हैसच कट्ट्यावर येते आणि माणसं चरव्या घेऊन तिच्याभोवती उभी राहतात. तिनं माझा पहिला सूर ऐकला, पान्हा चोरला, दुसऱ्या सुराला दावं तोडलं आणि तडक रंकाळ्याच्या दिशेनं निघाली. मागं पिराजी आणि त्याच्या मागं रिकाम्या चरव्या घेतलेली बारा-तेरा गिऱ्हाइकं. म्हैस धरून आणल्यावर पिराजी थेट आमच्या परसात.

“इंगळीकर सायेब, काय वाजवायलाय ह्ये? माजी म्हस थेंब द्यायला तयार न्हाय की!” आणि मग तो थांबला. त्यानं नाक वर केलं. पिशवीच्या शिवणीतून एक तपकिरी धार ठिबकत होती. “सायेब,” तो हळूच म्हणाला, “वास वळकीचा हाय.”

मागोमाग दत्तोपंत आले. दत्तोपंत हे गल्लीच्या दारूबंदी प्रचार मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी माझ्या तोंडाशी नाक आणलं आणि दोन पावलं मागं सरले. “नृसिंह, तुम्ही सुद्धा?” असं म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण चेहऱ्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर आले. परमुलखातून नुकतेच बदलून आलेले, तरणे, काहीतरी करून दाखवायच्या बेतात. त्यांनी परसात काय पाहिलं? चुलाणं, घागरभर काकवी, फसफसणारी चामडी पिशवी आणि तिला जोडलेल्या नळ्या.

“ही भट्टी कुणाची?”

“ही भट्टी नाही. बॅगपाइप आहे. वाद्य.”

“मग इतक्या नळ्या कशाला?”

“एकीतून फुंकायचं, एकीवर बोटं चालवायची, उरलेल्या तीन नुसत्या गुणगुणतात.”

“तीन नळ्या नुसत्या गुणगुणतात?” त्यांनी पेन उघडलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘आरोपी असंबद्ध बोलत होता.’

पंच म्हणून दत्तोपंत आणि पिराजी. दत्तोपंतांनी पिशवी हुंगून सांगितलं, “मोहाची नव्हे, उसाची आहे.” प्रचार मंडळाच्या अध्यक्षांना हा फरक कसा कळला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारतो. पिशवीला लाखेचं सील लागलं आणि ती गाडीतून गेली. तिसऱ्या दिवशी मला निलंबनाची नोटीस. गुन्हा शाबीत झाला तर नोकरी कायमची गेली आणि जप्त माल आगीत.

मी सदर बाजारात जाऊन उस्तादांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली छडी खाली ठेवली. खाटेवर बसले. मग म्हणाले, “तुमची नोकरी जाईल, ह्येचं मला वाईट वाटतंय. पर खरं सांगू? तिला जाळतील, ह्येचं ज्यास्त वाटतंय.” मला राग यायला हवा होता. नाही आला. माझ्यामुळं, माझ्या विसराळूपणामुळं, या माणसाची बावीस वर्षं सरकारी आगीत जाणार होती. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, “पाय सोडा आन् दुसरा भाग धरा. कोर्टात वाजवून दावायचं. वाजलं तर वाद्य, न्हाय वाजलं तर भट्टी. हिशेब सरळ हाय.”

तारखेला अठरा दिवस होते. बॅगपाइप सीलबंद. मग मी धाकटी नळी तोंडात धरून, काखेत उशी दाबून सराव सुरू केला. फुंकायचं आणि दाबायचं यांचा मेळ बसायला हवा ना! उशीतला कापूस चार दिवसांत बाहेर आला. गल्लीत बातमी, इंगळीकर नोकरी गेल्यापासून उशी घेऊन हिंडतात.

याच दिवसांत एक गोष्ट घडली. नळावर दत्तोपंतांच्या बायकोनं लीलाला विचारलं, “काय गं, रोज पितात का?” लीलानं हंडा खाली ठेवला आणि सगळ्या नळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझा नवरा बेसूर असेल. दारुडा नाही!” त्या दिवसापासून ती माझ्या सरावाला समोर बसू लागली. पाटावर पितळी डाव आपटून ठेका धरायची. अक्का माजघरातून काहीच बोलत नसे. बाराव्या दिवशी तिथून आवाज आला, “नरसू, दुसऱ्या भागात तू घाई करतोस.” कातड्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

तारखेला कोर्ट गच्च भरलं होतं. कचेरी अर्धी रजा टाकून आलेली, पुढच्या बाकावर हंबीरराव. इन्स्पेक्टरांनी एक कागद काढला. माझीच यादी! माझ्याच सुवाच्य अक्षरात, ‘उपयोग अज्ञात.’

“साहेब, हे वाद्य असतं तर आरोपीनंच तसं लिहिलं नसतं का?”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताठ उभा राहिलो. “साहेब, तेव्हा अज्ञात होता. मग मी शिकलो. शिकण्याआधी अज्ञान असतं, हा काही गुन्हा नाही.”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “वाजवून दाखवा.”

सील फोडलं. उस्ताद पुढं झाले, पिशवी उलटी केली आणि जे मी न्हाणीघरात करायचं होतं ते कोर्टात झालं. काकवी भळाभळा फरशीवर. कारकुनानं दप्तरं टेबलावर घेतली, वकिलांनी पाय बाकावर घेतले. उस्तादांनी शांतपणे कोऱ्या कपड्यानं नळ्या पुसल्या, जोतीरामनं करून दिलेला नवा पडदा बसवला, खिशातून सूर काढणाऱ्या बोरूच्या नव्या पात्या काढून नळ्यांना लावल्या आणि पिशवी माझ्या काखेत दिली. मग कोर्टाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

मी फुंकलं. सुरुवातीचा आवाज चांगला आला नाही, हे मी मान्य करतो. बाहेर एक टांग्याचा घोडा उधळला, तेही मान्य करतो. पण मग तीन नळ्या गुणगुणायला लागल्या, बोटांना आपली जागा सापडली आणि सलामीची चाल सुरू झाली. पहिला भाग आला की हो! चांगला आला! हंबीररावांचं तोंड उघडं राहिलेलं मी फुंकता फुंकता पाहिलं.

पहिला भाग संपला. साहेबांनी हात वर केला. “पुरे. वाद्य आहे. सिद्ध झालं.”

नोकरी वाचली. बॅगपाइप वाचला. शहाणा माणूस तिथं थांबला असता. पण दाराशी उस्ताद उभे होते. पाय जुळवलेले, हात बाजूला सरळ, हनुवटी वर. ते दुसऱ्या भागाची वाट बघत होते. त्यांना साहेबांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं असं नाही. पण त्यांना अर्धं पुरेसं वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नाही. आयुष्यात एवढ्यांदा अर्ध्यावर सोडलं, आता तर खुद्द कोर्ट सोडायला सांगत होतं! मी दुसरा भाग धरला.

“पुरे म्हणतो ना!” साहेब टेबलावर हात आपटू लागले. तो बरोबर ठेक्यात पडत होता, म्हणून मला आधारच झाला. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई मला थांबवायला आला, पण पाच नळ्यांतली कुठली धरायची हे त्याला कळेना. तो भोवती दोन फेऱ्या घालून परत गेला. मी चार ठिकाणी चुकलो. एका ठिकाणी तर माझं मलाच कळलं नाही मी कुठं आहे. पण थांबलो नाही. छाती फुटायची वेळ आली तेव्हा शेवटचा सूर आला, आणि मी तो लांबवला.

उस्तादांनी सलाम ठोकला. मला नव्हे, चालीला. त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं. माझ्याही डोळ्यांना धार लागली. धाप लागल्यावर तसं होतं, असं दत्तोपंत सगळ्यांना सांगतात. सांगू देत. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

निकाल चार दिवसांनी लागला. सदरहू वस्तू वाद्य असल्याचे सिद्ध. काकवी दारू गाळण्यासाठी नव्हती, सबब आरोपी निर्दोष. इथं थांबायला काय हरकत होती? पण साहेबांनी खाली आणखी एक वाक्य लिहिलं, ‘मात्र आरोपीस सदरहू वाद्य वाजविता येत नाही, असे या कोर्टाचे स्पष्ट मत आहे.’

मी कामावर रुजू झालो तेव्हा या निकालाची नक्कल कचेरीच्या फळ्यावर लावलेली होती. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ. अक्षर हंबीररावांचं नसलं तरी रेघ त्यांचीच होती.

मी अपील केलं. वकील म्हणाले, सुटलेल्या माणसाला अपील करता येत नाही. मी म्हणालो, मी कुठं सुटलो? नोकरी सुटली असती तर दुसरी मिळाली असती. हे वाक्य सरकारी दप्तरात कायमचं राहणार, माझ्या नातवंडांनी वाचायचं? तीन वकिलांनी नकार दिला. मग अर्ज मी स्वतःच लिहिला. अक्षर सुवाच्य आहे.

अपिलाची बातमी फुटल्यावर सगळं गाव माझं हितचिंतक झालं. इन्स्पेक्टर घरी येऊन चहा पिऊन गेले. पिराजीनं हात जोडले, “म्हस गाभण हाय, जरा दमानं घ्या.” दत्तोपंतांनी मन शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. शेवटी खुद्द मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, “इंगळीकर, ते वाक्य मी माझ्या हातानं खोडतो. अपील मागं घ्या. मात्र यापुढं वाजवायचं नाही.”

“खोडू नका साहेब,” मी म्हणालो. “तसंच राहू दे. मी ते वाजवून खोटं पाडणार आहे.” आणि मी खुर्चीवरून उठून आलो.

वरच्या कोर्टानं अर्ज ठेवून घेतला आहे. काय करायचं ते तिथं कुणाला कळत नसावं, कारण दर वेळी पुढची तारीख पडते. मी रोज पहाटे सदर बाजारात जातो, दोन्ही भाग वाजवतो. साक्षीदार म्हणून मी उस्तादांचंच नाव दिलं आहे. साक्षीदारानं खोटं बोलू नये, म्हणून परवा मी त्यांना सरळच विचारलं, “उस्ताद, कोर्टात विचारतील. खरं सांगा, मला वाजवता येतं का?”

उस्तादांनी नळीची पाती ओठात ओली केली, जागेवर बसवली आणि पिशवी माझ्याकडं दिली.

“न्हाय,” ते म्हणाले. “पर तारीख अजून लांब हाय की.”